दहा माणसांचे पाटे

भांडुपच्या डोंगरावर राहणाऱ्या बाईला "धक्का बसता कामा नये" असं सांगणारा डॉक्टर एक तर भांडुपला कधी आलेला नसतो, नाहीतर आला असला तरी स्टेशनच्या पुढे गेलेला नसतो. आमचा डॉक्टर मुलुंडचा होता. माणूस सज्जन, हात हलका, पण त्याच्या दवाखान्यापासून त्याच्या घरापर्यंत डांबरी रस्ता होता, त्यामुळे धक्का म्हणजे काय याची त्याची कल्पना फार वेगळी होती.

आई सार्वजनिक नळावरून भरलेली कळशी घेऊन येताना शेवाळावरून घसरली आणि पाठीवर पडली. कंबरेचे दोन मणके दबले. दीड महिना ती फळीवर निजून होती. मग डॉक्टरांनी सांगितलं की आता व्यायाम, एक दिवसाआड, दोन महिने, दवाखान्यातल्या बाईंच्या देखरेखीखाली. न चुकता झाला तर ती हिंडू-फिरू लागेल, नाही झाला तर अंथरूण धरेल. वय बावन्न. हे सगळं त्यांनी आईसमोरच सांगितलं, आणि आई फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे मी यायचं कशी ते तुम्ही नाही सांगणार."

आमच्या वस्तीपासून खाली आग्रा रोडपर्यंत उतरणारा रस्ता दगडाच्या खाणीच्या ट्रकांनी केला होता आणि त्यांनीच उखडला होता. खाण बंद पडली, ट्रक गेले, दगड राहिले. रिक्षावाले पायथ्यालाच हात जोडायचे. पहिल्या खेपेला चौघांनी आईला खुर्चीत बसवून खांद्यावरून खाली उतरवलं. वाटेत एका म्हाताऱ्यानं ती मिरवणूक बघून डोक्यावरची टोपी काढली. आईनं ते पाहिलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "अशी आता एकदाच जाईन. आणि तेव्हा मला विचारायला येऊ नका." त्यानंतरच्या तारखांना ती गेलीच नाही. आमच्याकडे आईचं ऐकायची पद्धत होती, विशेषतः तिचं चुकत असेल तेव्हा.

मामा त्या बंद खाणीवर मुकादम होता. खाणमालकाची एक जुनी जीप तिथं पत्र्याच्या शेडखाली दोन वर्षं धूळ खात उभी होती. मालक तिला विसरला होता, मामा विसरला नव्हता. त्यानं काय खटपट केली कोण जाणे, पण एका रविवारी ती जीप आमच्या दारात ढकलत आणली गेली. बॅटरी बदलल्यावर इंजिन चांगलं निघालं, चारही चाकांना जोर मिळत होता, दगडातून ती बोकडासारखी चढायची. फक्त खाली काही उरलं नव्हतं. वर्षानुवर्षं दगड वाहून मागच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे लोखंडी पाटे सपाट झाले होते, दोन तुटले होते, आणि शॉकअप म्हणजे नुसत्या तेल गळलेल्या नळ्या होत्या. ती डाव्या अंगाला झुकून उभी राहायची. आईनं खिडकीतून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिची कंबर माझ्याहून गेलीय."

इथून पुढचा मूर्खपणा माझा आहे, आणि त्यात वाटेकरी असले तरी मुख्य मान मी सोडणार नाही.

मी तेव्हा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. दुपारपाळी, त्यामुळे सकाळी मोकळा. कारखान्याचा टेम्पो चालवायचो म्हणून लायसन होतं. आणि स्टोअरमधल्या माणसाला एक आजार असतो: जगातल्या कुठल्याही वस्तूचा कॅटलॉग असतो आणि कॅटलॉग वाचला की वस्तू कळते, असं त्याला वाटू लागतं. मी खरेदी खात्यातून पाट्यांचे आणि शॉकअपचे कॅटलॉग घरी आणले. कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार सकाळी घालवल्या. कुणाकडे नवे शॉकअप, कुणाकडे तेल भरून नवे केलेले, कुणाकडे लष्करी गाडीतून काढलेले आणि शपथेवर विकले जाणारे. मी प्रत्येकाची लांबी, दांड्याची जाडी, किती वजन पेलतो ते वहीत लिहून घेत होतो. एक दुकानदार दुसऱ्याला म्हणाला, "हा घेणार नाही, हा परीक्षेला बसणारे."

बाबांचा कॅटलॉगवर विश्वास नव्हता. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते; संपात गिरणी गेली, जॉबरकी गेली नाही. त्यांचा सिद्धांत साधा होता. जे जाड ते चांगलं. पट्टा, दोरी, भाकरी, पाटा, सगळ्याला एकच माप.

गाडी दुरुस्तीला दिली ती पायथ्याच्या मेस्त्रीकडे. तो मालवणकडचा, पन्नाशीचा, कायम गाडीखाली आडवा असलेला माणूस. त्याचे पाय ओळखीचे होते, चेहरा सणावारी दिसायचा. मी त्याला माझ्या वहीतला तक्ता वाचून दाखवू लागलो. त्यानं गाडीखालूनच विचारलं, "गाडयेत बसतलो कोण, ता आधी सांग."

केवढा सरळ प्रश्न. त्याचं उत्तर होतं, आई आणि मी. मी तेच सांगायला तोंड उघडलं, तर शेजारी उभे असलेले बाबा म्हणाले, "घरी विचारून सांगतो."

घरी म्हणजे ओट्यावर. संध्याकाळी बाबांनी मला समजावलं. "तू आईला घेऊन गाडीतून उतरणार. वाटेत शेजारपाजारचे पायी उतरत असणार. तू काय, हॉर्न वाजवून पुढे जाणार?"

"आईसाठी गाडी आहे ना, बाबा."

"आईसाठीच आहे. पण रिकामी गाडी डोंगरावरून खाली गेली तर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण नळावर बोलतील. आणि बरी झाली की नळावर तुझी आई जाणार, तू नाही."

हे खरं होतं. आमच्या वस्तीत डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्याच्या हातातलं एक ओझं मोकळ्या हाताच्या माणसानं न बोलता घ्यायचं, असा रिवाज होता. कुणी आभार मानायचं नाही, कुणी नाही म्हणायचं नाही. मग गाडी म्हणजे तर आठ मोकळे हात. आम्ही मोजायला बसलो. पलीकडचे काका, त्यांचा गुडघा. खालच्या अंगाचे दोघे पहिल्या पाळीचे. भाजीची पाटी घेऊन जाणारी बाई, आणि पाटी. रेशनची पोती असतीलच. मोजता मोजता ओट्यावर माणसं जमली, आणि जो जमला तो मोजला गेला, कारण समोर उभ्या माणसाला वगळून पुढचा मोजायचा कसा? शेवटी आकडा दहावर थांबला, तोही काळोख पडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रीला दहा सांगितले. तो पहिल्यांदाच गाडीखालून बाहेर आला. "धा? रोज?"

"रोज," बाबा म्हणाले.

"आणि बाय एकटी असात तेव्हा?"

"एकटी कशाला असेल?"

मेस्त्रीनं हात पुसले. "माझा काय जाता? सांगशात तसा करतंय. पण एकटो बसलंस तर ढुंगणाक कळतला."

हे मी मनावर घेतलं नाही. कॅटलॉग न वाचलेल्या माणसाचं हे बोलणं आहे, असं मला वाटलं. मागच्या पाट्यांच्या प्रत्येक जुडीत तीन पाटे जादा घातले. बाबांनी एकेक पाटा हातात घेऊन, ठोकून, आवाज ऐकून पसंत केला, खरेदी कलिंगडाची असावी तसा. शॉकअपची निवड सर्वस्वी माझी. तक्त्यात सर्वांत जास्त वजन पेलणारे होते ते मालवाहू टेम्पोचे. जीपला ते बसत नव्हते, म्हणून मेस्त्रीकडून लोखंडी कंस वेल्डिंग करून त्यांवर बसवून घेतले. काम झाल्यावर बाबा मागच्या बंपरवर चढले आणि दोन उड्या मारल्या. गाडी ढिम्म. बाबा खाली उतरून मला म्हणाले, "हलत पण नाही." त्यांच्या तोंडून मला मिळालेली ती मोठीच शाबासकी होती, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही हे सुचलं नाही की न हलणं हेच जर हवं होतं, तर पाटे कशाला लागतात, लाकडी ओंडके चालले असते.

चाचणीही घेतली. आम्ही काही अडाणी नव्हतो. दोन रविवार, डोंगर खाली आणि डोंगर वर. चाचणीला कोण कोण येतंय विचारायच्या आधीच गाडी भरलेली असायची. मी पुढच्या फळीवर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि गाडी दगडातून उतरवली. पाणी डुचमळलं, पण चार थेंबही सांडले नाहीत. मागून आवाज आला, "झकास रे, पाळणा आहे पाळणा." मी वहीत तशी नोंद केली. घरी येऊन आईला सांगितलं की सोमवारी तुला पाळण्यातून नेतो. ती हसली. दोन महिन्यांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराची वेळ मिळाली होती. त्या वेळेला वस्तीतले सगळे कामावर. बाबाही एका गोदामात राखणदारीला लागले होते, ते सकाळीच गेले. शेजारच्या मावशींनी आणि मी आईला पुढच्या सीटवर बसवलं, कमरेमागे गोधडी दिली. मागचे दोन्ही बाक रिकामे. मी गाडी सुरू केली आणि पहिल्या दगडावर चाक चढवलं.

जीप उडाली. दुसरा शब्द नाही. मागची दोन्ही चाकं जमीन सोडून वर गेली आणि खाली आली ती सरळ आमच्या पाठीत. मी घाबरून वेग कमी केला, तर प्रत्येक दगड वेगळा आणि पूर्ण मिळू लागला. आईनं दोन्ही हातांनी समोरची दांडी धरली होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओठ आत घेतले होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ती ते पुसायला हात सोडू शकत नव्हती. दुसऱ्या वळणावर ती म्हणाली, "थांबव." मी थांबलो. "परत ने."

परत नेतानाही तेच दगड होते.

तिला आडवं केल्यावर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू खूप केलंस रे. आता राहू दे. मी निजूनच बरी." मला स्वतःचा इतका राग आला की मी ओट्यावर येऊन तो तक्ता फाडला. आईनं हार मानली होती, आणि ती माझ्या कॅटलॉगमुळे मानली होती. या गोष्टीची गंमत वाटायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्या दिवशी लाजच वाटली, आणि भीती.

मी धावत मेस्त्रीकडे गेलो. त्याच्या पायांना सगळं सांगितलं.

"पाटो दाबलो तर मऊ," आतून आवाज आला. "दाबूक कोण नसलो तर तो काय करतलो? उडतलो."

"मग तीन पाटे काढा."

"काढतंय. जुडये कुर्ल्याक धाडूक होये. आठ दिस."

"आठ दिवस नाहीत माझ्याकडे. आता नेली नाही तर ती परत गाडीत बसणारच नाही. मी ओळखतो तिला."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "धा माणसांचे पाटे घेतलंस ना? मग धा माणसा घेऊन ये."

मी डोंगर चढून वर आलो ते हेच म्हणत की अकरा वाजता दहा माणसं आणायची कुठून. बाबांनी आणि मी ओट्यावर मोजलेली माणसं कामावर जाणारी होती. भाजीवालीसुद्धा उजाडायच्या आत निघायची. वस्तीत अकरा वाजता जी माणसं असतात, ती आम्ही धरलीच नव्हती, कारण मोजायला बसलेले सगळे पुरुष होते.

शेजारच्या मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. जालन्याकडच्या, अंगानं भक्कम, बोलायला त्याहून. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं: पाटे कडक झालेत, वजन हवंय, मागं आठ माणसं बसली तर आईला धक्का लागणार नाही.

"म्हणजे नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं."

"मग त्याला काय डोकं लागतं? माणूस म्हणून कुणी बोलवत नाही, वजन म्हणून तरी बोलावलंस." त्यांनी सूप खाली ठेवलं आणि गल्लीत तोंड करून तीन हाका मारल्या.

बुधवारी अकरा वाजता मागच्या बाकांवर आठ बायका बसल्या होत्या. मी स्टोअरचा माणूस, जड माल कुठं ठेवायचा ते मला कळतं, म्हणून मी म्हणालो की भरलेल्या अंगाच्या दोघींनी जरा चाकांच्या बरोबर वर बसावं. त्यानंतर आठही जणींनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, तिच्यातून मी वजनाबद्दल पुन्हा बोलायचं नाही हे शिकलो. मावशी आपण होऊन उठल्या आणि चाकावर बसल्या. "आता हाक," म्हणाल्या.

आईला यायचं नव्हतं. पण आठ बायका कामं टाकून गाडीत बसल्यात म्हटल्यावर तिला नाही म्हणता येईना. पहिला दगड आला. गाडी मागून खाली बसली, वर आली, आणि चालू लागली. दुसरा. तिसरा. आईनं दांडीवरचा एक हात सोडून पदर सारखा केला. मागं कुणाच्या तरी सुनेची गोष्ट चालली होती, ती तिनं मान किंचित वळवून ऐकली.

त्यानंतर दोन महिने, एक दिवसाआड, हेच. आई व्यायामाला आत जायची आणि बायका मुलुंडच्या बाजारात जायच्या. परत येताना कांदे-बटाटे, केरसुण्या, एकदा शिलाईचं मशीन, असं चढणीला लागणारं जादा वजन त्या स्वखुशीनं घेऊन यायच्या. कुणाला यायला जमत नसेल तर ती बदली पाठवायची. एकदा दवाखान्यातल्या बाई रजेवर होत्या, म्हणून मी सांगितलं की उद्या गाडी नाही. मावशी म्हणाल्या, "दवाखाना नाही. गाडी का नाही?" त्या दिवशी मी आठ वजनं मुलुंडला नेऊन आणली. आई पुढं बसली होती. तिला दवाखान्यात जायचं नव्हतं, कुठंच जायचं नव्हतं.

महिनाभरानं मी मेस्त्रीशी बोलून तीन पाटे काढायचं ठरवलं. आता घाई नव्हती, काम नीट होणार होतं, आई कुणाच्या उपकाराशिवाय एकटी आरामात जाऊ शकली असती. हे मी तिला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"काढलेस म्हणजे किती बसतील?"

"आरामात? तू आणि मी. फार तर आणखी दोन."

"मग नको काढूस."

"आई, गाडी तुझ्यासाठी आणली आहे."

"मग माझं ऐक की."

बाबांनी हे ऐकलं आणि पाटे जाड घ्यायचा आपला निर्णय कसा दूरदृष्टीचा होता ते त्यांनी ओट्यावर सांगायला सुरुवात केली. ते त्यांनी पुढे कायम सांगितलं. मी कधी खोडून काढलं नाही.

आई आधी भिंत धरून चालू लागली, मग काठी घेऊन, मग काठी विसरून. तरी गाडीपर्यंत मी तिला धरून न्यायचो आणि पुढच्या सीटवर बसवायचो. ती सीट तिची, यात बदल नव्हता. गोधडीसुद्धा तिथंच राहायची.

व्यायाम संपत आले होते. असंच एका सकाळी मी गाडीपाशी आलो तर मावशींची सून गाडीजवळ उभी होती. नववा महिना. तिला तपासायला त्याच बाजूला न्यायचं होतं, आणि ती रस्त्याकडे बघत होती. मला काय म्हणावं कळेना. पुढं चालवणाऱ्याशेजारी एकच जागा होती. मी मावशींकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघत होत्या. त्या मागणार नव्हत्या.

आई घरातून आली. काठी नव्हती. तिनं सुनेकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, पुढच्या सीटवरची गोधडी उचलून नीट घडी केली आणि पुन्हा ठेवली. मग सुनेला म्हणाली, "बस गं. दांडीला धर. ओठ चावू नकोस, दुखलं तर ओरड."

"आणि तू?" मी विचारलं.

"मागं एक कमी पडतंय ना."

जीपची मागची पायरी गुडघ्याच्या वर होती. मी धावलो. मावशींनी माझा दंड धरला. "थांब," म्हणाल्या. आईनं ताडपत्रीचा गज पकडला, उजवा पाय वर टाकला, क्षणभर तशीच थांबली आणि चढली. बाकावर सरकत सरकत जाऊन बरोबर चाकावर बसली. मी तिथं उभा राहून रडलो, आठ बायकांसमोर.

"किती भरतेस गं तू?" मावशींनी चढता चढता विचारलं. "तुझ्यानं काही दबायचं नाही."

"भरेन तेवढी," आई म्हणाली.

मी गाडी काढली. सगळं लक्ष शेजारी होतं. पहिल्या दगडावर मी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, वळणावर पाहिलं, उतारावर वेग किती ठेवावा याचाच विचार करत राहिलो. मागं बायकांचं बोलणं चाललं होतं आणि त्यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तुला दुखतंय का, हे आईला विचारायचं खाली आग्रा रोडला लागेपर्यंत मला एकदाही सुचलं नाही.